काकपद

रात्रीचे साडेअकरा. टाकीचा दिवा मालवला तशी ठिपकी, माझी लेपर्ड गेको जातीची पाल, दगडाखालून बाहेर आली आणि मी वही उघडली.

दुपारी दादाला तिचा फोटो पाठवला होता. पारदर्शक डब्यात ठेवून खालून काढलेला, पोट आणि शेपटीचा बुंधा नीट दिसेल असा. किती मोठी झाली बघ, एवढंच मनात होतं. त्याचं उत्तर आलं, 'हा नर वाटतोय गं.' आणि त्याखाली लगेच, 'आईचा रिपोर्ट आला का?'

रिपोर्टचं मी 'आलाय, रात्री बोलू' असं लिहून टाकलं. अजून बोललेले नाही. त्याच्या आधीच्या वाक्यातला 'हा' मात्र दुपारपासून मला सोडत नाहीये.

साडेतीन महिने मी तिला 'ती' म्हणतेय. मघाशी मागची पानं चाळली. ती आली. ती रुसली. आज ती दिवसभर गुहेतून बाहेर पडली नाही. आज पहिल्यांदा माझ्या तळहातावर येऊन बसली. पानापानावर वेलांट्याच वेलांट्या. वाक्यावाक्याच्या शेवटी मी तिचं बाईपण नोंदवून ठेवलंय, आणि ते कधी ठरवलं, कशावरून ठरवलं, हे आठवू गेले तर हाताला काहीच लागत नाही.

ज्यांच्याकडून ती आली त्यांनी 'मादीच आहे' असं ठासून सांगितलं होतं, हे खरं. पण तेव्हा ती तीन आठवड्यांची होती, जेमतेम पाच ग्रॅमची. एवढ्याशा जिवाकडे नुसतं बघून कुणालाच असं छातीठोक सांगता येणार नाही. दुपारी त्यांचा फार राग आला होता. आता तोही उरला नाही. त्यांनी काही सांगितलं नसतं तरी मी 'ती'च म्हटलं असतं. पाल ना! पाल ती, घोरपड ती, मगर ती. सरडा तो, साप तो. कासव ते. भिंतीवरच्या पालीला कधी कुणी विचारलंय, तू नर का मादी? भाषेनं ते आधीच ठरवून ठेवलंय, आणि मी ते जसंच्या तसं उचललं.

दिवसभर दुसऱ्यांची मुद्रितं तपासणारी मी. कर्ता एकीकडे आणि क्रियापद भलतीकडे गेलेलं दिसलं की माझा पेन आपोआप थांबतो. आणि इथे माझ्याच वहीत साडेतीन महिन्यांची पानं कदाचित चुकीची आहेत, आणि माझं लक्षही गेलं नाही.

पण वाईट वाटतंय ते चुकीचं नाही. चूक दुरुस्त करता येते. वाईट याचं वाटतंय की हिला मी ओळखते, असं मला वाटत होतं. या घरात निदान एका जिवाला तरी मी पुरतं ओळखते. दगडाखालून किती बाहेर आली की भूक आहे, डोळे कधी अर्धवट मिटते, कात टाकायच्या आदल्या दिवशी अंग कसं पांढुरकं, धुरकट दिसतं, हे सगळं मला पाठ आहे. आणि सगळ्यात साधी गोष्ट माहीत नाही. मग बाकीच्यांचं काय. आईच्या बाबतीत तरी मला काय कळलं होतं, ती कधीपासून थकत होती ते? जाऊ दे. ते आज नको.

जेवण झाल्यावर मी कामाचं भिंग आणलं, दहापट मोठं दाखवणारं. ठिपकीला उताणं करायचं नाही, हे दादानं आधीच बजावलेलं. पिल्लं घाबरतात, आणि घाबरली की शेपूट टाकतात. सळई घालून तपासायची एक पद्धत आहे म्हणे, ती तर एवढ्या लहान अंगाला इजाच करेल. म्हणून पुन्हा तोच पारदर्शक डबा. डबा एका हातात उंच धरला, दुसऱ्या हातात भिंग, टेबलावरचा दिवा तिरका केला.

आधी दिसली ती पावलं. लेपर्ड गेकोच्या बोटांना भिंतीवरच्या पालीसारख्या गाद्या नसतात, नुसत्या बारीक नख्या. त्या प्लॅस्टिकवर टेकलेल्या. पोटाची कातडी इतकी पातळ की आतल्या निळसर सावल्या दिसतात. श्वास घेताना कडेचे खवले एकमेकांपासून सुटायचे आणि परत जुळायचे. मी सरकत सरकत मागच्या पायांच्या मधोमध आले. आडवी फट, आणि तिच्या जरा पुढे, डोक्याच्या बाजूला, खवल्यांची एक तिरपी ओळ. डावीकडून वर चढते, मध्ये टोक, उजवीकडे उतरते.

हुबेहूब काकपद. ओळीत शब्द राहून गेला की दोन शब्दांच्या मध्ये आम्ही खालून घालतो ती खूण. इथे काहीतरी सुटलंय, वर बघा.

मोठ्या नरात याच ओळीतल्या खवल्यांना ठसठशीत भोकं असतात आणि त्यांत मेणासारखा पदार्थ भरलेला असतो. आपल्या जागेवर गंध ठेवायला तो कामी येतो. मादीतही ओळ असते, पण फिकी, नुसते खळगे, मेण नाही. शिवाय नराच्या फटीमागे, शेपटीच्या सुरुवातीला, दोन शेजारशेजारचे फुगवटे येतात. मला काय दिसलं? मधल्या पाच-सहा खवल्यांवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. भोकं म्हणावीत तर भोकं, छाया म्हणावी तर छाया. फुगवटे आहेत म्हटलं तर आहेत, शेपटीतली चरबी म्हटलं तर तीही. डबा जरा कलता केला की सगळं बदलायचं. दहा मिनिटं मी बघत होते आणि दर मिनिटाला माझं मत फिरत होतं. शेवटी हात भरून आला.

तेवढ्यात तिनं डोळे मिटले आणि उघडले. या जातीला खऱ्या पापण्या असतात, बहुतेक पालींना नसतात. आपल्याकडे बघून सावकाश पापणी लवते तेव्हा आपल्याला वाटतंच की तिला काहीतरी म्हणायचंय. माझं सगळं ओळखणं या पापणीवरच उभं असेल का, असं मनात आलं.

याच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती मात्र मला आज नव्यानं विलक्षण वाटली. या गेकोत नर-मादी गुणसूत्रांवर ठरत नाही, अंड्याला किती ऊब मिळाली त्यावर ठरतं. २६ अंशाला उबवली तर जवळजवळ सगळ्या माद्या. साडेबत्तीसच्या आसपास बहुतेक नर. आणि त्याहून वर, ३४-३५ ला, पुन्हा बहुतेक माद्या! सरड्याच्या एका जातीत असं होतं हे पहिल्यांदा मादलेन शार्निए यांनी १९६६ साली सेनेगलमध्ये नोंदवलं.  आई-बापाकडून आलेलं काही नाही, अंड्यातल्या काही दिवसांची ऊब, बस. संध्याकाळी मी त्या लोकांना फोन करून विचारलं, अंडी कितीला ठेवली होती? म्हणाले, 'तीसच्या आसपास.' तीस म्हणजे सरमिसळ. दोन्ही निघतात.

आणि एक. त्या सगळ्यात गरम अंड्यांतून आलेल्या माद्या तापट असतात, नरासारख्या अंगावर धावून जातात. हे वाचलं आणि चटका बसला. कारण मी या वहीत काय काय लिहिलंय? 'लाजते, मुलगीच शेवटी.' 'किती अलगद खाते.' हे मी लिहिलंय. लहानपणी मला 'मुलगी आहेस ना, मग आवाज केवढा' म्हणायचे तेव्हा मी किती चिडायचे. लाजणं तिचं होतं. मुलगीपण मी चिकटवलं.

खरं तर उत्तर काहीही आलं तरी ठिपकीचं बिघडत नाही. नर असला तर दुसऱ्या नराबरोबर ठेवायचा नाही, मारामाऱ्या होतात. मादी असली तर नर नसतानाही अंडी घालू शकते, त्यासाठी कॅल्शियमकडे लक्ष ठेवायचं, ओलसर डबा द्यायचा. दुसरा आणायचा विचार होता तो दोन्हीकडून रद्दच, ती एकटीच बरी. पाच-सहा महिन्यांची झाली, वजन पंचवीस-तीसच्या पुढे गेलं की नुसत्या डोळ्यांनीही दिसेल म्हणतात. म्हणजे आणखी महिना-दोन महिने थांबायचं. आईच्या रिपोर्टवरही शेवटी तेच लिहिलंय, तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे.

नावाचं काय, हे मघाशी मनात आलं होतं. नर निघाला तर ठिपक्या करावं का. मग आठवलं, एडवर्ड ब्लाइथनं १८५४ साली या जातीला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा त्यात लॅटिनमधला 'ठिपका'च घातला. मी ठिपकी ठेवलं ते कपाळावरच्या एकाच डागावरून, अंगावर तेव्हा नुसते पट्टेच होते. आता पट्टे फुटून त्यांचे ठिपके व्हायला लागलेत. नाव राहू दे. हाक मारल्यावर ती कुठे वळून बघते?

'ते' लिहून बघितलं. पिल्लू, ते. 'ते दगडाखालून बाहेर आलं.' वाक्य बरोबर आहे, कुणी खूण करणार नाही. पण लिहिताना ठिपकी लांब गेल्यासारखी वाटली, कुणाच्या तरी घरचं पिल्लू असल्यासारखी. खोडलं. मागची पानं खोडणार नाही. तेव्हा मला जे वाटत होतं ते त्यात आहे.

मग दुसरं सुचलं. शाळेत घोकलेलंच आहे, कर्त्याला 'ने' लागला की क्रियापद कर्माच्या मागे जातं. तिनं काय नि त्यानं काय, अळी खाल्लीच. आणि नोंदीत कर्ता लिहायचीही गरज नसते.

आत्ता टाकीत शेपटीचं टोक थरथरतंय. अळी दिसली की झेपेच्या आधी ते असंच हलतं, बाकी अंग दगडासारखं स्थिर. मी श्वास रोखून बघतेय. झेप. चुकली नाही.

दादाला लिहिलं, 'नक्की नाही कळत अजून. आईचं सकाळी फोनवर बोलू, लिहून नको.' त्याचा लगेच 'बरं' आला. जागाच होता.

आजची नोंद : वजन १७ ग्रॅम. तीन अळ्या खाल्ल्या. कात अजून टाकलेली नाही. पाणी बदललं.