सिंगापुरात शनिवार-रविवारी तुम्ही करता तरी काय?

आमच्याकडे येऊन गेलेले बहुतेक पाहुणे पुढच्या भेटीत हेच विचारतात. "एवढंसं बेट, चार दिवसांत सगळं बघून झालं. बाराही महिने तेच ऊन, तोच घाम. मग दर आठवड्याला तुम्ही करता तरी काय?" लग्नाच्या पंगतीत बसून याचं नीट उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगते.

आम्ही आठदहा जणं आहोत. मराठी, तमिळ, एक मलय मैत्रीण आणि तिचा नवरा. शनिवारी पहाटे निघतो. पहाट म्हणजे साडेसहा, कारण इथे सातच्या सुमारास उजाडतं आणि सातच्याच सुमारास मावळतं, जून असो की डिसेंबर. विषुववृत्त जेमतेम 140 किलोमीटरवर, त्यामुळे दिवस लहानमोठा होत नाही. शिवाय 1982 साली घड्याळं अर्धा तास पुढे केली, म्हणून सूर्य उशिरा आल्यासारखा वाटतो. पण एकदा उगवला की नऊपर्यंत अंगाची काहिली होते. मोकळ्यावर फिरायचं ते त्याआधी, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

आमची आवडती जागा पुलाव उबिन, सिंगापूरचंच एक छोटं बेट. ईशान्येला, चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून लाकडी बोटीने दहापंधरा मिनिटं. बोटीला वेळापत्रक नाही. बारा माणसं जमली की सुटते. आम्ही नऊ असलो तर तिघांची वाट बघत बाकावर बसायचं. घड्याळावर चालणाऱ्या या शहरात हे बसणं मला फार मोलाचं वाटतं. कुणी थर्मास उघडतं, कुणी आठवडाभराचं मनात साचलेलं बोलून टाकतं. खरं सांगू, महत्त्वाच्या कितीतरी गोष्टी मला त्या बाकावरच कळल्या आहेत. कुणाच्या आईचं ऑपरेशन, कुणाची नोकरी धोक्यात, कुणाला दिवस गेलेत. मग तीन अनोळखी माणसं येतात, बोटवाले अंकल हात करतात आणि आम्ही उठतो.

उबिनवर धक्क्याजवळच सायकली भाड्याने मिळतात. एकेकाळी हे ग्रॅनाइटच्या खाणींचं बेट होतं. 1851 च्या हॉर्सबर्ग दीपगृहाला दगड इथूनच गेला. आता खाणींत पाणी साठून तळी झाली आहेत. रस्त्यात रानडुकरं आडवी जातात, माकडं प्लास्टिकच्या पिशवीवर झडप घालतात, त्यामुळे तिखटमिठाच्या पुऱ्या सॅकच्या तळाशी. नशीब असेल तर धनेशाची जोडी दिसते.

पूर्व टोकाला चेक जावा. खारफुटी, वाळूची दांडी, समुद्री गवत, सगळं एकमेकांना लागून. इथे समुद्रात भराव घालून जमीन करायचं ठरलं होतं. ते कळल्यावर लोक ओहोटीला झुंडीने बघायला आले, निसर्गप्रेमींनी नोंदी करून सरकारपुढे ठेवल्या आणि 2001 च्या अखेरीस भराव पुढे ढकलला गेला. आज चेक जावावरून चालायची वाट जाते. पूर्ण आठवड्यात आम्ही आगाऊ बघतो ती एकच गोष्ट, ओहोटीची वेळ. पाणी ओसरलं की चिखलातले एक चिमटा मोठा असलेले खेकडे बघत अर्धा तास कुणी जागचं हलत नाही.

दुपारी पाऊस. वर्षाकाठी सरासरी 170 च्या आसपास दिवस इथे पाऊस पडतो. तो रिपरिपत नाही, कडकडाटासह तासभर कोसळतो आणि थांबतो. वीज चमकत असताना उघड्यावर कुणी थांबत नाही. धक्क्याजवळच्या दुकानाच्या पत्र्याखाली शहाळी घेऊन बसायचं. पत्र्यावरच्या आवाजात बोलणंही ऐकू येत नाही, म्हणून पत्ते निघतात. आमचा तमिळ मित्र मेंढीकोट आता आमच्यापेक्षा चांगलं खेळतो.

संध्याकाळी परत चांगी व्हिलेजच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या गाळ्यांवर. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा आपली, हा नियम सगळे पाळतात. मलय मैत्रीण नासी लेमाकच्या, म्हणजे नारळाच्या दुधातल्या भाताच्या रांगेत, शाकाहारी मंडळी डोशाच्या. शेवटी तेह हालिया, म्हणजे दुधातला आल्याचा चहा. हॉकर संस्कृतीला 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं तेव्हा आम्हाला घरातल्या कुणाचा सत्कार झाल्याइतका आनंद झाला होता.

बघायला येणाऱ्यांना हे सगळं एका फेरीत संपल्यासारखं वाटेल. आम्ही पुन्हा पुन्हा जातो, कारण इथे माणसं टिकतील याचा भरवसा नसतो. परदेशातून आलेल्यांचा राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की काही आठवड्यांत घर आवरून निघावं लागतं. आमच्यातली कितीतरी जणं अशी मेलबर्नला, बंगळुरूला गेली. त्यामुळे "पुढच्या आठवड्यात बघू" हे वाक्य आमच्यात सहसा कुणी उच्चारत नाही. ताप नसेल, तर येतो. इथे सासर-माहेर नाही, शेजारी मामा राहत नाही. बाळंतपणात डबा आणणारी आणि रात्री दवाखान्यात सोबत बसणारी हीच माणसं आहेत, आणि ती बाकावर गप्पा मारता मारताच जोडली गेली आहेत.

पुढच्या खेपेला याल तेव्हा एक शनिवार कोरा ठेवा. टोपी, छत्री आणि भिजले तरी चालतील असे बूट आणा. पुऱ्या मी करते.