व्हीआरमधे समोरासमोर बसून गप्पा : माझा अनुभव

व्हीआरमधल्या, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून ज्या आभासी जगात आपण शिरतो तिथल्या, अवतारांचा (तिथे आपल्या जागी दिसणाऱ्या आकृत्यांचा) विषय निघाला की सगळे चेहऱ्यावरच अडकतात, त्वचा खरी वाटते का, केस कसे दिसतात वगैरे. ताईशी बरेच महिने असं बोलल्यावर माझं मत जरा वेगळं झालंय, म्हणून सविस्तर लिहितोय, कुणाला सेटअप करायचा असेल तर उपयोगी पडेल.

ताई वेगळ्या टाइमझोनमधे राहते. सुरुवातीला आम्ही दोघं कार्टून अवतार वापरायचो, मोठे डोळे, गुळगुळीत गाल, आणि त्यात काहीच खटकायचं नाही कारण कार्टूनकडून आपण अपेक्षा तरी काय ठेवणार. मग खऱ्या चेहऱ्याचा अवतार बनवायची सोय आली आणि खरी कटकट तिथून सुरू झाली.

स्कॅन तसा सोपा आहे. हेडसेट काढून डोळ्यांच्या उंचीवर हातात धरायचा, कॅमेरे आपल्याकडे, मग तो सांगेल तसं डावीकडे बघा, उजवीकडे बघा, ओठ मिटून हसा, दात दाखवून हसा, भुवया उंचवा. एकट्याने खोलीत बसून यंत्रासमोर दात दाखवताना फार विचित्र वाटतं, दार लावून घ्या. उजेड समोरून आणि पसरलेला हवा, पाठीमागे खिडकी असली की चेहऱ्यावर सावली येते आणि तीच सावली अवतारावर कायमची बसते. चष्मा काढावा लागतो. मोकळे केस असतील तर कडा फाटल्यासारख्या दिसतात, ताईने शेवटी घट्ट अंबाडा घातला तेव्हा कुठे नीट आलं.

पहिल्या कॉलला ताई माझ्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "अरे, आहेस तूच, पण पासपोर्टच्या फोटोतला." अगदी बरोबर बोलली. चेहरा माझाच होता पण हसलो की ओठ हसायचे आणि गाल आपले जागेवरच. जपानी रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० सालीच लिहून ठेवलंय की माणसासारखी दिसणारी वस्तू जसजशी माणसाच्या जवळ जाते तसतशी ती आवडत जाते, पण अगदी जवळ पोचता पोचता एकदम नकोशी वाटायला लागते, त्या खड्ड्यालाच अनकॅनी व्हॅली म्हणतात. आम्ही त्या खड्ड्याच्या तळाशी होतो. दोन दिवस तर ताई म्हणत होती कार्टूनच बरं होतं रे, आणि मलाही पटत होतं.

पुढे स्कॅन परत करून थोडा फरक पडला, पण मोठा फरक पडला तो भलत्याच गोष्टीने. हेडसेटच्या आत डोळ्यांकडे बघणारे छोटे कॅमेरे असतात, इन्फ्रारेड उजेडात ते बुबुळ कुठे वळलंय ते टिपतात, आणि हेडसेट नाकावरून थोडा जरी घसरला की त्यांचा अंदाज चुकतो. ताई मला सारखी माझ्या कपाळाशी बोलतेय असं वाटायचं, आणि तिला वाटायचं माझं लक्ष दुसरीकडे आहे. पट्टा नीट आवळून, दोन बुबुळांमधलं अंतर सेट करून, डोळ्यांचं कॅलिब्रेशन (नजर कुठे आहे ते यंत्राला नव्याने शिकवणं) परत केलं आणि नजर नेमकी नजरेला भिडली. अंगावर काटा आला खरंच. दिसणं तेच होतं हं, तोच पासपोर्टवाला चेहरा, पण त्यात आता ताई होती.

दुसरी गोष्ट वेळेची. बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण २०० मिलिसेकंद जातात, वेगवेगळ्या भाषांमधे मोजलं तरी आकडा त्याच्या आसपासच येतो. नेटवर्क त्याहून मागे पडलं की दोघं एकदम बोलणार, मग "तू बोल", "नाही नाही, तू बोल". केबल लावून इंटरनेट घेतलं तेव्हा हे बरंच कमी झालं. खरं तर अशा अवतारात चेहऱ्याचा व्हिडिओ पाठवायची गरजच नसते, डोळे जबडा भुवया कशा हलल्या याचे फक्त आकडे पाठवले की पलीकडचं यंत्र त्यावरून चेहरा हलवतं, त्यामुळे माझ्या मते स्पीडपेक्षा उशीर किती होतो ते आधी बघावं.

आणि आवाज! आवाजाबद्दल कुणी बोलतच नाही. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला मिलिसेकंदाहूनही कमी उशिरा पोचतो आणि मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. स्पेशियल ऑडिओ, म्हणजे आवाजाला दिशा देणारी सोय, चालू असेल तर मी मान वळवली तरी ताईचा आवाज ती बसलीये तिथूनच येतो. तो बंद करून बघा, ती लगेच डोक्याच्या आत बोलायला लागते, सगळी मजाच जाते.

हे सगळं जमल्यावर एकदा ती काहीतरी बघायला माझ्या बाजूने पुढे झुकली आणि मी खुर्ची सरकवून तिला जागा करून दिली. डोक्याला माहितीये इथे कुणी नाही, शरीराला पत्ता नाही. मेल स्लेटर नावाचे संशोधक आहेत, त्यांनी २००९ मधे याचे दोन भाग केले, एक म्हणजे मी या जागेत आहे असं वाटणं आणि दुसरं म्हणजे इथे जे घडतंय ते खरंच घडतंय असं वाटणं. मला वाटतं चेहरा बिहरा दुसऱ्या भागात थोडीशी मदत करतो एवढंच, बाकी काम नजर, वेळ आणि आवाज करतात. शांततेचं पण बघा ना, व्हिडिओ कॉलवर कुणी गप्प झालं की आपण विचारतो "हॅलो, अडकलं का?", इथे आम्ही दोघं मिनिटभर काही न बोलता बसू शकतो, कारण ती मान हलवताना, इकडे तिकडे बघताना दिसत असते.

चेहरेही आता सुधारतायत म्हणा. मेटाने (तेव्हा नाव फेसबुक होतं) कोडेक अवतार, म्हणजे हुबेहूब माणसासारखे दिसणारे अवतार, २०१९ मधे दाखवले तेव्हा एका माणसासाठी शंभराहून जास्त कॅमेऱ्यांचा घुमट लागायचा, आणि २०२३ मधे पॉडकास्टवाले लेक्स फ्रिडमन आणि मेटाचे मार्क झुकरबर्ग तशाच अवतारांत बसून तासभर बोलले, तो व्हिडिओ जरूर बघा.

कमी काय आहे? हात मांडीखाली गेले की गायब होतात. जीभ बाहेर काढून चिडवता येत नाही, निदान आमच्याकडे तरी. एकदा ताईचा आवाज भरून आला आणि चेहऱ्यावर मात्र काहीच दिसेना, डोळ्यातलं पाणी यंत्राला कळत नाही, तेव्हा मी सरळ हेडसेट काढून फोन लावला. तासाभराने मानही दुखते. आणि नजर कुठे जाते हा डेटा फार खाजगी असतो, कुठल्या अ‍ॅपला तो मिळतोय ते प्रायव्हसी सेटिंगमधे जाऊन बघाच, मी दोन अ‍ॅपची परवानगी काढून टाकली.

आता बाबांचा स्कॅन करायचाय. ते म्हणतात चष्मा काढणार नाही, चष्म्याशिवाय मी मी दिसतच नाही. खोटा चष्मा नंतर अवतारावर चढवता येतो हे ताई त्यांना समजावतेय, बघू.