तुम्ही विचारलंत म्हणून: प्रोग्रेसिव्हवर कोणती पावडर?

आमच्या नेमबाजीच्या क्लबात नवीन आलेला माणूस दोन-तीन महिन्यांत हा प्रश्न विचारतोच. मागच्या हिवाळ्यात तो पहिल्यांदा मराठीत आला. ओहायोच्या थंडीत गाडीला टेकून उभं असलेलं एक तरुण जोडपं म्हणालं, "दादा, प्रोग्रेसिव्ह प्रेस घेतलंय. .२२३ साठी कोणती पावडर आणू?" (प्रेस म्हणजे घरी काडतुसं भरायचं यंत्र, आणि .२२३ हे रायफलच्या काडतुसाचं माप.) हात गोठले होते, म्हणून तेव्हा "सावकाश सांगतो" म्हणून सुटलो. ते आता सांगतो.

आधी शब्दाचं. काडतुसातल्या या पावडरीला मराठीत दारूच म्हणतात, पण मी पावडर म्हणतो. एकदा आईला फोनवर "दारू आणायला निघालोय" म्हणालो आणि पुढची वीस मिनिटं खुलासे देत बसलो. खरं तर तिला कळायला हवं होतं. तिच्या वडिलांकडे रत्नागिरीच्या बाजूला शेतराखणीच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती, रानडुकरं आणि वानरं हाकायला. ती दारू काळी: सोरा, गंधक, कोळसा. आजोबा ती अंदाजाने ओतायचे. इथली पावडर नायट्रोसेल्युलोजची, आणि ती बंदिस्त जागेत दाब वाढेल तशी अधिकच वेगाने जळते. त्यामुळे हिच्यापुढे अंदाज चालत नाही. हेही सांगून ठेवतो की अमेरिकेत हा गॅरेजमधला छंद आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो, त्यामुळे सुट्टीत गावी गेल्यावर याच्या नुसत्या गप्पाच माराव्यात.

साध्या प्रेसवर एका वेळी एकच काम होतं. शंभर केस, म्हणजे काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या, घ्या, सगळ्यांचं तेच काम करा, मग पुढचं. पावडर प्रत्येक केसमध्ये तोलून टाकता येते, कारण घाई कोणालाच नसते. प्रोग्रेसिव्हवर केस धरणारी शेलप्लेट फिरते आणि हँडल एकदा ओढलं की एका केसमध्ये पावडर पडते, दुसरीवर बुलेट बसते, तिसरीतून तयार काडतूस टोपलीत पडतं. तोलायला मध्ये थांबलात तर प्रोग्रेसिव्ह घेतलंत कशाला? म्हणून पावडर मेझर तोलत नाही, मापतो. सरकत्या पट्टीतल्या ठरावीक आकाराच्या पोकळीत वरच्या नळकांड्यातली पावडर भरते आणि खालच्या केसमध्ये रिकामी होते. आपल्याकडे पूर्वी पायली-अधोलीने धान्य घ्यायचे तसं. दुकानदाराने माप हलवून भरलं तर तांदूळ जास्त मावतो, अलगद ओतून फळीने सपाट केलं तर कमी. या मेझरचंही तेच. हँडल कधी दणकून, कधी हळू मारलंत की वजन बदलतं. नळकांडं तळाला आलं तरी बदलतं. मी ते एक तृतीयांशाच्या खाली जाऊ देत नाही.

आणि हा फरक किती? इथलं वजन ग्रेनमध्ये. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन सुमारे ६५ मिलिग्रॅम. सोनाराच्या गुंजेचा हिशेब ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी: तोळा १८० ग्रेनांचा आणि ९६ गुंजांचा, म्हणजे ग्रेन हा गुंजेच्या अर्ध्याच्या जरासा वर. आपलं भांडण त्याच्याही दहाव्या भागाशी आहे.

आता मूळ प्रश्न. रायफलची पावडर मुख्यतः दोन आकारांत मिळते. एक बॉल, म्हणजे बारीक गोल किंवा चपटे दाणे, जाड खसखशीसारखे. दुसरी कांडीची, शेवया बारीक मोडाव्यात तशी. तिच्यात काही लांब कांडीच्या, काही आखूड. खसखस फनेलमधून कशी सळसळत जाते आणि शेवयांचा चुरा कसा आडवा होऊन अडकतो, हे स्वयंपाकघरात ज्यानं पाहिलंय त्याला माझं निम्मं उत्तर मिळालं. .२२३ च्या केसचं तोंड जेमतेम साडेपाच मिलिमीटरचं. पावडरची नळी त्याहून मोठी असून चालत नाही.

हे मी ऐकून शिकलो नाही. पहिल्या वर्षी मला लांब कांडीच्या पावडरचं फार वेड होतं, कारण साध्या प्रेसवर, तोलून भरून, तिनेच माझे सगळ्यात लहान ग्रुप, म्हणजे निशाणावरच्या भोकांचे पुंजके, दिले होते. तीच प्रोग्रेसिव्हवर घातली. मेझरची पट्टी सरकताना कांड्या कापल्याचा बारीक कच्‌ आवाज यायचा, तो मला आवडायचाही. एका रविवारी शेलप्लेटवर पावडरचा ढीग दिसला. झालं होतं असं की नळीत कांड्या एकमेकींत अडकून पूल झाला, एका केसमध्ये चिमूटभरच पडली, आणि पुढच्या झटक्याला पूल मोडून तिची राहिलेली आणि दुसरीची स्वतःची अशी दोन्ही एकदम कोसळली. दुसरी दिसली, कारण ती उतू गेली. पहिली? ती तोवर बुलेट बसवून टोपलीत पडली होती, इतर साठेक काडतुसांत. आणि असं आधीही, न सांडता, झालं नसेल कशावरून?

काडतुसं तोलून ती शोधता येत नाही. पितळ आणि बुलेट यांच्या वजनातला फरकच कमी पडलेली पावडर झाकून टाकतो. हलवून, कानाशी धरून पाहिलं, मनाची समजूत. शेवटी हातोडीसारखा पुलर घेऊन एकेक काडतूस सिमेंटवर आपटत, बुलेट काढत, पावडर वेगळी करत बसलो. वरच्या मजल्यावरून बायकोने विचारलं, फरशी बदलतोयस का. कमी भरलेली सापडली, एकोणिसाव्या आपटीला. तरी उरलेली सगळी फोडली. अर्धवट जोराची बुलेट रायफलच्या नळीत अडकली आणि मागून दुसरी झाडली, तर रायफल हातात फुटू शकते.

तेव्हापासून माझं उत्तर एकच: प्रोग्रेसिव्हवर ग्रुप सगळ्यात लहान देणारी पावडर घेऊ नका, मेझरला मानवणारी घ्या. .२२३ साठी मी नवीन माणसाला बॉल पावडर सांगतो: एच ३३५, सीएफई २२३ किंवा रॅमशॉट टॅक. एच ३३५ ही अमेरिकन सैन्याच्या ५.५६ काडतुसातल्या डब्ल्यूसी ८४४ ची नागरी बहीण. बॉल पावडर जन्मली तीच उरलेल्या मालाच्या चिंतेतून. १९३० च्या दशकात वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीत फ्रेड ओल्सेन यांनी पहिल्या महायुद्धातली जुनी पावडर विरघळवून पाण्यात तिचे गोळे धरायची रीत काढली. गोल दाणे मेझरमधून छान घरंगळतात ही आपली चंगळ.

हिचेही नखरे आहेत. केस काठोकाठ असेल तर शेलप्लेट थांबतानाच्या झटक्याने दाणे उडतात, म्हणून हँडल शेवटी हळू सोडायचं. तिला पेटवायला जरा जोरदार प्रायमर (केसच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी) लागतो, काजळी जास्त होते. आणि उन्हाचा परिणाम कांडीच्या चांगल्या पावडरींपेक्षा बहुधा जास्त. इथे एरी सरोवराकाठी कॅम्प पेरीला, जिथे १९०७ पासून राष्ट्रीय सामने होतात, ऐन उन्हाळ्यात रायफलच्या तापलेल्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, काडतूस बसून राहिलं की तेच काडतूस जानेवारीपेक्षा वेगळं वागतं. हिवाळ्यात भरलेला जास्तीत जास्तीचा चार्ज (एका काडतुसातली पावडर) उन्हाळ्यात दाबाची हद्द ओलांडू शकतो. म्हणून हद्दीला जाऊच नका.

"मग तुम्ही स्वतः काय वापरता?" २०० आणि ३०० यार्डांच्या सरावाला, जिथे काडतुसं खोऱ्याने जातात, बॉल. ६०० यार्डांच्या वीस गोळ्यांसाठी कांडीची वार्गेट, तीही प्रेसवरचा मेझर काढून, एकेक चार्ज तोलून. मधला मार्ग हवा असेल तर आयएमआर ८२०८ एक्सबीआर बघा. कांडी इतकी आखूड की मेझर कुरकुर करत नाही. मोठ्या केसच्या .३०८ ला हा अडकण्याचा त्रास बराच कमी, कारण तोंडच मोठं.

चार्ज किती, हे मी कोणाला सांगत नाही, रागावू नका. तो आकडा पावडर बनवणाऱ्याच्या ताज्या पुस्तकातून घ्यायचा, आणि सुरुवातीच्या खालच्या आकड्यापासून चढायचं. नावं नीट वाचा. एच ४८९५ आणि आयएमआर ४८९५ या दोन वेगळ्या पावडरी आहेत, आकडा सारखा दिसला तरी. टेबलावर एका वेळी एकच डबा. नळकांड्यावर मी चिकटपट्टीवर नाव लिहितो आणि काम संपलं की पावडर मूळ डब्यात परत ओततो. रात्रभर ठेवली तर काही पावडरी प्लास्टिकलाही खातात, आणि आठवड्यानंतर ती कोणती होती हे रंगरूपावरून ओळखता येत नाही. ओळखू येते असं वाटलं तरी ती पावडर फुलझाडांना घाला.

विकत घेताना आधी एक पौंडाचा डबा. पटली तरच आठ पौंडी, म्हणजे धोकादायक मालाच्या पाठवणीचा खर्च एकदाच पडतो. २०२० नंतर कित्येक महिने दुकानांचे कप्पे रिकामे होते आणि लोक मिळेल ती पावडर उचलत होते. माझ्याकडे त्या काळातली एक अजून पडून आहे, न उघडलेली. आणि डब्यावरचा लॉट नंबर, म्हणजे उत्पादनाच्या खेपेचा आकडा, टिपून ठेवा. माझा सध्याचा आठ पौंडी डबा तळाला आलाय. नवा आलाय तो वेगळ्या लॉटचा, म्हणजे येत्या शनिवारी मी पुन्हा खालच्या आकड्यापासून, दहा-दहा काडतुसांच्या डब्या घेऊन रेंजवर. तुम्ही दोघं याल तर मेझरची पट्टी लावून दाखवतो. पुलर माझ्याकडे आहे.