विठोबाच्या गळ्यातली कासुमालै

तंजावरला जाणारा मराठी माणूस गाडीतून उतरतो तोच जरा फुगलेला असतो. आम्हीही होतो. १६७५-७६च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे इथे गादीवर बसले, १८५५पर्यंत भोसल्यांचं राज्य टिकलं, म्हणजे गाव निम्मं आपलंच, असा हिशेब घालून आम्ही डिसेंबरच्या शेवटी सोलापूर सोडलं. चेन्नईपर्यंतचं सांगण्यासारखं काही नाही. तिथल्या एग्मोर स्टेशनाहून रात्रीच्या गाडीत वरच्या बर्थवरचे आजोबा पहाटे उठून विभूती लावत होते आणि त्यातली निम्मी माझ्या तोंडावर पडत होती, तेवढं लक्षात आहे.

बृहदीश्वराच्या देवळात आम्ही भर बारा वाजता पोचलो. हा शुद्ध मूर्खपणा होता, कारण चपला बाहेर काढाव्या लागतात आणि आवार केवढं तरी मोठं. राजराज चोळाने १०१० साली पुरं केलेलं हे देऊळ, साठ मीटरहून उंच शिखर, सगळा ग्रॅनाइट. मी ते मान वर करून बघायच्या ऐवजी तव्यावरच्या भाकरीसारखी एका सावलीतून दुसऱ्या सावलीत उड्या मारत होते. गाईड सांगत होता, या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. आमचे हे त्याच सावलीत उभे होते. त्यांनी बोटाने जमीन दाखवली. गाईड म्हणाला, ही वेगळी सावली.

मागच्या बाजूच्या ओवरीत भिंतीवर एकदम ओळखीची अक्षरं दिसली. चार दिवस दुकानांच्या पाट्या नुसत्या चित्रांसारख्या बघितल्यावर बाळबोध दिसलं की काय होतं, ते तिथे जाऊनच कळतं. १८०३ साली सरफोजीराजांनी बाबूराय चिटणिसाकडून भोसल्यांचा वंश लिहवून घेतला आणि तो या भिंतींवर कोरवला. आम्ही हात लावायचा नाही असं ठरवून लावला. ह्यांनी माझा फोटो काढला. शेजारी एक पुण्याचं कुटुंब उभं होतं, त्यातल्या काकांनी घोषणाही दिली. मग सावलीत बसल्यावर मला जरा विचित्र वाटायला लागलं. याच देवळाच्या भिंतीवर चोळांचे तमिळ लेख आहेत, त्यांत देवळातल्या चारशे नर्तकींची नावं आहेत, कुणाचं घर कुठल्या आळीत कितवं हेसुद्धा. आणि आठशे वर्षांनी आपण येऊन त्याच देवळात आपल्या खापरपणजोबांची नावं लिहिली. गडावर दगडात बदाम कोरून नावं टाकणाऱ्या पोरांना आपण शिव्या घालतो. राजाने टाकली की शिलालेख. हे मी ह्यांना म्हटलं तर ते म्हणाले, "हळू बोल, पुण्याचे ऐकतील."

सरस्वती महाल ग्रंथालयात एक दुपार गेली. माझी मोडीचे कागद बघण्यात, ह्यांची बाकावर.

आता चित्रांचं. तंजावरची चित्रं मला कधीच आवडली नव्हती आणि मी ते तोंडावर सांगत आले आहे. गुबगुबीत बाळकृष्ण, मोठे डोळे, त्यावर खडे, त्यावर सोनं. आमच्याकडे देव म्हटलं की काळा दगड, कमरेवर हात, अंगावर तुळस. भक्तीला एवढा थाट कशाला लागतो, हे माझं ठरलेलं वाक्य. एका कारखान्यात मुली काम करत होत्या. फळीवर कापड ताणून चिकटवलेलं, त्यावर खडूच्या पुडीचा आणि डिंकाचा लगदा ब्रशाने थेंबाथेंबाने टाकून एक मुलगी कृष्णाचा हार उठवत होती. प्रत्येक मणी वेगळा. मणी वाळला की त्यावर सोन्याचा वर्ख, आणि वर्ख दाबताना ती श्वास धरून बसायची, कारण फुंकरीनेही तो उडतो. मी अर्धा तास बघितलं, छोट्यातल्या छोट्या चित्राची किंमत विचारली आणि बाहेर आले. मत बदललं नाही. पण ते वाक्य मात्र त्या दिवशी म्हटलं नाही.

ओरत्तनाडला माझ्या हट्टापायी गेलो. तंजावरहून बसने तासाभरावर. तिथे मुक्तांबाळ छत्रम आहे, रामेश्वरच्या वाटेवरच्या यात्रेकरूंसाठी सरफोजीराजांनी बांधलेलं. मुक्तांबाळ त्यांची लग्नाची राणी नव्हे. जुन्या कागदांच्या भाषेत नाटकशाळा. तिच्यावर राजाचा फार जीव होता, आणि माझ्या नावाने लोकांना जेवू घाला ही तिची शेवटची इच्छा होती, असं सांगतात. अशा छत्रांत आल्यागेल्याला जेवण मिळायचं, आजाऱ्याला औषध, वाटेत दिवस भरलेल्या बाईला बाळंतपणाची सोय. प्रेमाची स्मारकं मी बरीच बघितली आहेत, बहुतेकांत आत थडगं असतं. इथे चुली होत्या. आम्ही गेलो तेव्हा कुलूप होतं, किल्ली कुणाकडे ते कळेना, म्हणून बाहेरचे दगडी घोडे आणि हत्ती बघून परतलो. बसची वाट बघताना मी विचारलं, "माझ्या नावानं काय बांधाल?"

"गच्चीवरची टाकी बांधली की," हे म्हणाले. "बिल तुझ्याच नावावर आहे."

खरं आहे. आणि पाण्याच्या बाबतीत सोलापुरात याहून मोठं प्रेम कुणी कुणावर करू शकत नाही.

हे सगळं मी खरं तर वाटेत सांगते आहे. लिहायला बसले ती कुंभकोणमच्या एका घरासाठी.

तिथे लॉजमध्ये पहिल्याच पहाटे पाचला खिडकीखाली झांजा वाजल्या. मार्गळी महिना सुरू होता. त्या महिन्यात तिकडे पहाटे गल्लीगल्लीतून भजन फिरतं. मी चिडून उठले, कारण लॉजमधल्या डासांनी मला तीनपर्यंत झोपू दिलं नव्हतं. आणि खालून आवाज आला, "विट्टला, विट्टला". साताठ माणसं, एकाच्या गळ्यात अडकवलेली पेटी, पांढरी वेष्टी म्हणजे तिकडचं धोतर, कपाळाला गंध, आणि तोंडात तुकोबा. मी गाऊनवर शाल गुंडाळून खाली धावले. तुम्ही मराठी का, असं मी इंग्रजीत विचारलं. नाही. तमिळ. मग हे कसं? पेटीवाल्यांनी माझ्याकडे असं बघितलं की, यात कसं काय? संध्याकाळी घरी या, म्हणाले.

गेलो. अरुंद, खोल घर, मधल्या खोलीत पितळी समई, भोवती तीसेक माणसं. मराठी कीर्तनकार तंजावरला येत होते, त्यांचं ऐकून तिकडची हरिकथा घडली, साकी आणि दिंडी ही आपली वृत्तं तिकडे आजही त्याच नावाने गातात, हे मी वाचून गेले होते. वाचणं वेगळं. समोर बसून ऐकताना मला, खोटं कशाला सांगू, राग येत होता. 'माझे'चं 'माजे'. तमिळमध्ये झ नाही, मला माहीत आहे, तरी राग. ळ मात्र असा की आमच्या कॉलनीतल्या पोरांना ऐकवावा. मी मनातल्या मनात एकेक शब्द दुरुस्त करत होते, आणि मग मनातल्या मनातही राहिलं नाही, मी मोठ्याने बरोबर उच्चार करून साथ द्यायला लागले. वर्गात एखादं आगाऊ पोर असतं, तसं. गाणाऱ्या मामांनी माझ्याकडे बघून हसून मान हलवली. त्यांना वाटलं, मला आनंद झालाय.

(तिकडे सगळे वडीलधारे मामा आणि मामी. आपलेच शब्द. त्यामुळे मी आणखीच शेफारले असणार.)

मग समईभोवती फेर धरतात. एका मामींनी मला हाताला धरून ओढलं. पाय त्यांचे बरोबर पडत होते, माझे नाही. आमचे हे भिंतीला टेकून, एक अक्षर न कळता, पण अगदी ठेक्यात टाळ्या वाजवत होते.

नंतर द्रोणात सुंडल, म्हणजे कोरडी उसळ, आला आणि मामांनी मला शेजारी बसवून घेतलं. सोलापूर म्हणजे पंढरपूरचा जिल्हा हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. "एक विचारायचं आहे," म्हणाले. "कुणाला विचारावं ते कळत नव्हतं." आणि एक वही काढली. त्यांच्या वडिलांच्या हातची. आत सगळे अभंग, तमिळ लिपीत. तमिळमध्ये क, ख, ग, घ यांना एकच अक्षर, म्हणून त्या अक्षरांच्या डोक्यावर बारीक २, ३, ४ असे आकडे घातलेले. पान पान असं आकड्यांनी भरलेलं. आपल्याला न समजणाऱ्या भाषेतला प्रत्येक ख आणि घ चुकू नये म्हणून एक माणूस कंदिलाशी की कशाशी बसून आकडे घालत होता. माझा राग तिथेच निम्मा गळाला.

मामांचं बोट एका ओळीवर होतं. 'कासे पीतांबर.' "कासे म्हणजे?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. लहानपणापासून म्हणते आहे. कास म्हणजे गाईची कास, ती तर नक्की नाही. कास धरणे, तेही नाही. "तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं. शिक्षक असंच करतात.

त्यांना वाटत होतं ते असं. तमिळमध्ये कासु म्हणजे नाणं. सोन्याच्या नाण्यांची गळ्यातली माळ ती कासुमालै. अभंगात आधी तुळशीचा हार येतो, गळा येतो, आणि लगेच 'कासे'. म्हणजे तुळशीच्या हाराखाली नाण्यांची माळ. सरळ आहे. त्यांच्या वडिलांनीही तसंच सांगितलं होतं.

मी पंढरपूरच्या मावशीला फोन लावला. ती म्हणाली, "कंबर गं! नेसण कसतात ना, ती कास. कमरेला पीतांबर. एवढं येत नाही तुला? आणि आत्ता कुठून हे?" मागे तिच्या कुकरची शिट्टी झाली आणि फोन कट झाला.

मी मामांना सांगितलं. कंबर. कसून नेसलेला पीतांबर. ते थोडा वेळ वहीकडे बघत राहिले. "नाणी नाहीत?"

"नाहीत."

मग ते खूप हसले, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या मामींना तमिळमध्ये सांगितलं. मामी हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. मामांनी भाषांतर करायला जरा वेळ घेतला. "ती रोज सकाळी मानसपूजा करते. पांडुरंगाला मनातच स्नान, वस्त्र, तुळस. मग कासुमालै घालते. लग्न होऊन आली तेव्हापासून. ती विचारते, आता काढायची का?"

मी काय बोलणार. पीतांबराला सोन्याचा थाट कशाला, देव साधाच बरा, हे तंजावरभर मनात घोळवत आलेली बाई मी. "राहू द्या, मामी," म्हटलं. बोलल्यावर लक्षात आलं की परवानगी देणारी मी कोण. मामी काहीतरी बोलल्या, ते मात्र मामांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "तिची स्वतःचीही होती एक. आता नाही." मी पुढे विचारलं नाही. त्यांनी पेन्सिलीने समासात 'कंबर' असं तमिळमध्ये लिहिलं. आधीचं खोडलं नाही.

परतीच्या गाडीत, आंध्रात कुठेतरी, मावशीचा फोन आला. कशाला विचारत होतीस? मी सगळं सांगितलं. मावशी म्हणाली, "अगं, सणावाराला विठोबाला दागिने घालतात की नाही? त्यात मोहरांची माळ असतेच. तुझ्या आजीचा पुतळीहार काय वेगळा होता?"

म्हणजे मामींची माळ पंढरपुरात होतीच. आणि साधा, अंगावर फक्त तुळस असलेला माझा विठोबा मी वर्षाच्या कुठल्या दिवशी बघितला होता, कोण जाणे. मला सणाची गर्दी झेपत नाही म्हणून मी कायम आडदिवशीच जात आले. मामांचा नंबर मी घेतला नव्हता. घर सापडेल, पण पत्र कुठल्या पत्त्यावर घालू? देवळाच्या मागच्या गल्लीत, असं लिहावं तर कुंभकोणमात सगळ्याच गल्ल्या कुठल्या ना कुठल्या देवळाच्या मागे.

माघीची गर्दी ओसरल्यावर आम्ही पंढरपूरला गेलो. तीन तास रांग. पायांवर डोकं ठेवलं, आणि या वेळी ठरवून मान वर केली. तेवढ्यात "चला, चला" म्हणत मागून दंडाला हात लागला.

बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय शोधत होतीस वर?"

"कास."

"दिसली?"

"नाही. हार आडवा आला."