दोन डोळ्यांचा पुतळा आणि समाधीतली पेन्सिल

ईशान्य जपानमधल्या सेन्दाईत राहायला येऊन आता तीन वर्षे होत आली आणि या काळात भारतातून जो जो पाहुणा आमच्याकडे आला, त्याला मी पहिल्यांदा आओबा डोंगरावर नेले आहे. तिथे जुन्या किल्ल्याच्या जागेवर, हे शहर वसवणारा सामुराई सरदार दाते मासामुने याचा अश्वारूढ पुतळा आहे. ‘दाते’ हे आडनाव ऐकून पाहुण्यांना सोलापूरच्या पंचांगाची आठवण होते, थोडे हसणे होते, आणि मग मान वर करून ते शिरस्त्राणावरची भली मोठी चंद्रकोर न्याहाळतात. गेल्या वर्षी आलेल्या माझ्या मामेभावाने मात्र नेमके विचारले, की या सामुराईला तुम्ही ‘एकाक्ष ड्रॅगन’ म्हणता, तर पुतळ्याला दोन्ही डोळे कसे?

मासामुनेला लहानपणी देवी आल्या आणि त्यात त्याचा उजवा डोळा गेला. आईवडिलांनी दिलेल्या शरीरात असे वैगुण्य येऊ देणे हा त्यांचा अनादर होय, असे मानून त्याने आपली चित्रे आणि मूर्ती दोन्ही डोळ्यांसह घडवाव्यात अशी इच्छा व्यक्त केली होती, असे इथे सांगतात. पुतळा त्या इच्छेला धरून आहे. डोळ्यावरची काळी पट्टी, जी आज दुकानांतल्या प्रत्येक बाहुलीवर दिसते, ती चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांची देणगी आहे.

त्याचा जन्म १५६७ साली योनेझावा येथे झाला आणि १५८४ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, घराण्याची सूत्रे त्याच्या हाती आली. पुढच्याच वर्षी शेजारच्या एका सरदाराने त्याच्या वडिलांना पळवून नेले आणि पाठलागात आबुकुमा नदीच्या काठी वडील मारले गेले. तो घाव कोणाचा, याविषयी जुन्या वृत्तांतांत एकवाक्यता नाही. १५८९ मध्ये सुरिआगेहाराच्या लढाईत आशिना घराण्याचा पाडाव करून त्याने आइझूचा प्रांत जिंकला, तेव्हा तो जेमतेम बावीस वर्षांचा होता. मात्र तोपर्यंत जपानचा बहुतेक भाग तोयोतोमी हिदेयोशीच्या अमलाखाली गेला होता, आणि सरदारांनी परस्परांत लढू नये हा त्याचा हुकूमही निघालेला होता. मासामुनेने तो सरळ धाब्यावर बसवला होता.

१५९० साली हिदेयोशीने ओदावाराच्या किल्ल्याला वेढा घातला आणि सर्व सरदारांना हजर होण्यास फर्मावले. मासामुने फार उशिरा पोहोचला. मरणाची तयारी असल्याचे दाखवण्यासाठी तो पांढऱ्या वस्त्रांत हिदेयोशीसमोर गेला, अशी कथा प्रसिद्ध आहे. डोके वाचले, आइझू गेले.

दुसऱ्या वेळी प्रकरण याहून गंभीर होते. कासाई-ओसाकी भागात उठाव झाला आणि त्या उठावाला चिथावणी देणारे, मासामुनेची निशाणी असलेले पत्र हिदेयोशीच्या हाती पडले. सामुराई सरदार पत्राखाली स्वतःची एक चित्रासारखी निशाणी काढत असत, आणि मासामुनेची निशाणी धोबी पक्ष्याच्या आकाराची होती. १५९१ मध्ये क्योतोला बोलावणे आल्यावर तो सोन्याने मढवलेला वधस्तंभ मिरवणुकीत पुढे घेऊन गेला, आणि आपल्या खऱ्या पत्रांत त्या पक्ष्याच्या डोळ्याच्या जागी सुईने छिद्र पाडलेले असते, या पत्रात ते नाही, म्हणून हे बनावट आहे, असा बचाव त्याने मांडला, अशी आख्यायिका आहे. एका डोळ्याच्या माणसाने पक्ष्याच्या डोळ्यावर आपले प्राण सोडवून घ्यावेत, हा योग इतका बेतशीर आहे की मला तो थोडा संशयास्पदच वाटतो. हिदेयोशीचाही त्यावर पुरता विश्वास बसला नसावा, कारण प्राणदंड टळला तरी मासामुनेचे वडिलार्जित प्रदेश काढून घेऊन त्याला नुकत्याच उठाव झालेल्या, उद्ध्वस्त मुलखात इवादेयामा येथे पाठवण्यात आले.

त्याच्या आईची गोष्ट तर याहून गुंतागुंतीची आहे. धाकट्या मुलाला गादीवर बसवण्यासाठी तिने १५९० मध्ये मासामुनेला विष घातले, त्याने धाकट्या भावाला मारले आणि ती माहेरी पळून गेली, असे दाते घराण्याच्या अधिकृत इतिहासात नोंदवले आहे. पण त्याचा गुरू असलेल्या झेन भिक्षूच्या एका पत्रावरून असे दिसते की ती १५९४ पर्यंत मुलाच्या घरीच होती. शिवाय १५९३ मध्ये कोरियाच्या मोहिमेवर असताना मासामुनेने तिला अतिशय जिव्हाळ्याचे पत्र लिहून तिकडचे कापड भेट म्हणून पाठवले होते. विष घालणाऱ्या आईला कोणी कापड धाडत नाही. अधिकृत इतिहासापेक्षा मी त्या कापडावर विश्वास ठेवतो.

१६०० च्या सेकिगाहाराच्या निर्णायक लढाईच्या सुमारास, पुढे शोगुन म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश झालेल्या तोकुगावा इएयासूने त्याला जो मुलूख देऊ केला होता, तो मिळाला असता तर दहा लाख कोकूंचा धनी तो झाला असता (मुलखाचे उत्पन्न कोकूंत मोजत; एक कोकू म्हणजे अंदाजे दीडशे किलो तांदूळ). शेजारच्या प्रांतात पुन्हा उठाव पेटवण्याचा उद्योग त्याच्या अंगाशी आला आणि अखेर ६,२०,००० कोकूंवर समाधान मानावे लागले. तेव्हापासून मरेपर्यंतची छत्तीस वर्षे, ओसाकाच्या मोहिमा सोडल्या तर, त्याने जवळजवळ लढाई केलीच नाही. पुतळा घोड्यावरच्या मासामुनेचा आहे खरा, पण ज्या सेन्दाईत मी राहतो, ते शहर लढाया संपल्यानंतरच्या मासामुनेने वसवलेले आहे.

१६०१ मध्ये किल्ल्याचे काम सुरू झाले. एका बाजूला हिरोसे नदीवरचा उभा कडा आणि दुसरीकडे खोल घळ असल्यामुळे जागा मुळातच अभेद्य होती. त्याने तिथे उंच बालेकिल्ल्याचा मनोरा मात्र बांधला नाही. त्याच्या मुलाने डोंगराच्या पायथ्याशी जो दुसरा वाडा बांधला, त्याच्या जागेवर आज तोहोकू विद्यापीठाच्या इमारती आहेत, आणि तिथल्या वर्गांत जाताना आपण कोणाच्या अंगणातून चालतो आहोत याचे भान मला पहिले वर्षभर नव्हते. नद्यांचे प्रवाह वळवून, पाणथळ जमिनी लागवडीखाली आणून, कालवे खणून एदोच्या (आजच्या तोक्योच्या) बाजारात तांदूळ पाठवण्याची जी व्यवस्था त्याच्या कारकिर्दीत उभी राहू लागली, तिचा एक अवशेष म्हणजे किनाऱ्यालगतचा तेइझान कालवा. तेइझान हे मासामुनेचे मरणोत्तर नाव आहे. २ डिसेंबर १६११ रोजी या किनाऱ्यावर मोठा भूकंप आणि त्सुनामी आली होती. २०११ च्या त्सुनामीनंतर त्या जुन्या नोंदींकडे इथले लोक नव्याने पाहू लागले आहेत.

त्या आपत्तीला दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा १६१३ मध्ये त्याने आपल्या राज्यात बांधलेल्या पाश्चात्त्य धर्तीच्या जहाजातून हासेकुरा त्सुनेनागा या सामुराईला सुमारे १८० लोकांसह पॅसिफिक पलीकडे धाडले. मेक्सिकोशी थेट व्यापार हा त्याचा हेतू होता. हासेकुरा माद्रिदला जाऊन ख्रिस्ती झाला, १६१५ मध्ये रोममध्ये पोप पाचवा पॉल याला भेटला आणि १६२० मध्ये, करार न होताच, अशा सेन्दाईत परतला जिथे आता ख्रिस्ती धर्मावर बंदी होती. दोन वर्षांनी तो वारला. त्याला मिळालेले रोमच्या नागरिकत्वाचे पत्र सेन्दाईच्या नगर संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

म्हातारपणचा मासामुने कसा होता, हे त्याच्या सेवकांनी लिहून ठेवले आहे. झोपून उठल्यावर तंबाखूचे मोजके झुरके, मग शौचगृहात दीर्घकाळ बैठक, आणि तिथेच बसून दिवसाच्या जेवणात काय काय हवे याचा तपशीलवार विचार! बहुतेक सरदार लेखनिकांकडून पत्रे लिहवून घेत, पण याची स्वहस्ताक्षरातली हजाराहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. एकदा मद्याच्या भरात त्याने एका तरुण सेवकाच्या डोक्यात आखूड तलवारीचे म्यान मारले आणि शुद्धीवर आल्यावर पत्र लिहून त्याची माफी मागितली, तेही पत्र शिल्लक आहे. उतारवयातल्या एका कवितेत तो म्हणतो, की तारुण्य घोड्यावर निघून गेले, जगात शांतता आली, केस पांढरे झाले. दैवाने हे उरलेले शरीर राहू दिलेच आहे, तर त्याचा आनंद न घेऊन काय करू?

१६३६ मध्ये एदो येथे त्याचे निधन झाले आणि शव सेन्दाईला आणून क्योगामिने टेकडीवर पुरण्यात आले. तिथले झुइहोदेन हे समाधिमंदिर १० जुलै १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळून खाक झाले. पुनर्बांधणीपूर्वी १९७४ मध्ये उत्खनन झाले, तेव्हा सांगाडा मिळाला: उंची १५९.४ सेंटीमीटर, रक्तगट बी, आणि उजव्या डोळ्याच्या खोबणीच्या हाडाला कोणतीही इजा नाही, म्हणजे डोळा कापून काढल्याच्या कथा खोट्या ठरल्या. सोबत तलवार होती, चिलखत होते, दौत-लेखणीची पेटी होती, धूम्रपानाची नळी होती, आणि बोटाएवढी एक पेन्सिल होती. सतराव्या शतकातल्या जपानमध्ये पेन्सिल म्हणजे समुद्रापलीकडून आलेली अपूर्वाई. चंद्रकोरीच्या शिरस्त्राणापेक्षा त्या पेन्सिलीने मला हा माणूस जवळचा वाटू लागला.

पण झुइहोदेनच्या आवारात आणखी काही आहे, ज्याच्याकडे पाहुण्यांचे सहसा लक्ष जात नाही. मंदिराच्या दोन्ही बाजूंना ओळीने उभे असलेले ते दगडी मनोरे मासामुनेच्या मृत्यूनंतर स्वतःचे पोट चिरून त्याच्यामागे गेलेल्यांचे आहेत. त्यांपैकी पंधरा त्याचे सरदार-सेवक, आणि उरलेले पाच त्या सेवकांचे सेवक, म्हणजे धन्याच्या धन्यासाठी नव्हे, तर आपापल्या धन्यासाठी मेलेले. मामेभावाने ते सगळे वीसच्या वीस मोजले आणि नंतर बराच वेळ एकही प्रश्न विचारला नाही. १६६३ मध्ये शोगुनच्या सरकारने या प्रथेवर बंदी घातली. त्याच टेकडीवर थोडे पुढे मासामुनेच्या नातवाची, सेन्दाईच्या तिसऱ्या दाइम्योची (प्रांताधिपतीची), समाधी आहे. तिच्या बाजूला असे दगड नाहीत.