बाई, 'हे' म्हणजे किती?

आज तिसरीला हातच्याची वजाबाकी घेत होते. फळ्यावर खडू टेकवत म्हणाले, "यातून हे जात नाही, म्हणून इकडून एक घेऊ." पहिल्या बाकावरून आवाज आला, "बाई, 'हे' म्हणजे किती?"

ती दृष्टिहीन आहे. जूनपासून माझ्याच वर्गात, आणि मी अजून 'हे', 'ते', 'इकडे' करत शिकवतेय! पोटात कालवलं. फळा पुसून गणित पुन्हा मांडलं, अंकन् अंक बोलत. बावन्नमधून सत्तावीस. दोनातून सात जात नाहीत, दशकाकडून एक आणला, एककात झाले बारा. मागच्या बाकावरच्या दोघांनाही हातचा आजच कळला, ज्यांना फळा रोज दिसतो.

मधल्या सुट्टीत तिने ब्रेलची पाटी काढली. टोच्याने उजवीकडून डावीकडे टोचायचं, कागद उलटला की डावीकडून वाचायचं. शेजारणीचं बोट धरून ती सांगत होती, "हा वरचा ठिपका, मधला सोडून हा खालचा. झाला क." शेजारीण डोळे मिटून चाचपत होती.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला घराजवळच्या शाळेत शिकायचा हक्क दिलाय. पण विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदाच येतात, कितीतरी शाळा त्यांच्या एकटीच्या अंगावर. बाकीचे दिवस मीच. म्हणून मीही ब्रेल शिकायला घेतलंय, बोटांना अजून नीट कळत नाही.

उद्या त्रिकोण-चौकोन आहेत. आत्ताच पुठ्ठ्यावर लोकर चिकटवून वाळत ठेवलीय.