कॅलिफोर्नियात पहिल्यांदा ज्युरी ड्यूटी: गाडी अडते ती हार्डशिपपाशी

ज्युरी ड्यूटी म्हणजे अमेरिकन नागरिकांनी कोर्टात बसून खटल्याचा निकाल द्यायचं कर्तव्य. त्याचं समन्स टपालानं येतं आणि आपल्याकडची बहुतेक माणसं पहिला प्रश्न विचारतात, "यातून सुटायचं कसं?" सुटायचे रस्ते आहेत, ते कायद्यात लिहिलेले आहेत, आणि ज्याला खरंच अडचण (कोर्टाच्या भाषेत "हार्डशिप") आहे त्याला ते मिळायलाच हवेत. पण ते कुठे, कधी आणि कोणत्या कागदासकट मागायचे हे समन्सवर धड सांगितलेलं नसतं. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आधी सोपा भाग. समन्सवर ग्रुप नंबर असतो. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर कोर्टाच्या वेबसाइटवर किंवा फोनवर बघायचं की उद्या आपल्या ग्रुपला बोलावलंय का. आठवडाभरात बोलावलं नाही तरी ड्यूटी पूर्ण झाली असं धरतात आणि पुढचे निदान 12 महिने पुन्हा बोलावत नाहीत. बोलावलं, पण त्या दिवशी कुठल्याच खटल्यात निवड झाली नाही, तरी तेच. एक दिवस किंवा एक खटला, असा राज्याचा नियम आहे.

ज्यांच्याकडे अजून ग्रीन कार्ड किंवा एच-वन-बी व्हिसा आहे त्यांनाही समन्स येऊ शकतं, कारण नावं मतदारयादी, डीएमव्ही (ड्रायव्हिंग लायसन्स देणारं खातं) आणि 2022 पासून राज्याचं टॅक्स रिटर्न भरणाऱ्यांच्या यादीतून काढतात. ते कचऱ्यात टाकू नका. "मी नागरिक नाही" या पर्यायावर खूण करून परत पाठवा. आईबाबा ग्रीन कार्डवर असतील तर त्यांचा फॉर्म शेजारी बसून भरा. घाईत नागरिकत्वाच्या चौकोनात चुकीची खूण झाली तर पुढे इमिग्रेशनमध्ये ते फार महागात पडू शकतं.

आता हार्डशिप. तारीख पुढे ढकलणं आणि ड्यूटीतूनच मोकळं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात जायची तिकिटं काढलीत, घरात लग्न आहे, मुलांच्या परीक्षा आहेत, यासाठी तारीख बदलून घ्या, आणि समन्स हातात पडल्याबरोबर ऑनलाइन घ्या. कोर्टरूममध्ये जजसमोर तिकिटं दाखवायची वेळच येऊ देऊ नका. अंगावर पिणारं बाळ असेल तर ड्यूटी वर्षभरापर्यंत पुढे ढकलून मिळते आणि त्यासाठी कोर्टात जावंही लागत नाही. हे अनेक आयांना कोणी सांगतच नाही.

पूर्ण मोकळीक मिळायची कारणं मोजकी आहेत. कोर्टात पोहोचायला साधन नाही किंवा एका बाजूला दीड तासापेक्षा जास्त प्रवास आहे. पगार बुडून घर चालवणं अशक्य होईल. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस आहे आणि दुसरं कोणी बघणारं नाही. तब्येत साथ देत नाही. वय 70 किंवा जास्त असेल तर तब्येतीच्या कारणासाठी डॉक्टरचं पत्रही लागत नाही. "ऑफिसात रिलीज आहे", "माझ्याशिवाय टीमचं अडतं" याला कोणी जज भीक घालत नाही. डॉक्टर, वकील, शिक्षक म्हणूनही आपोआप सूट नाही.

कोर्टरूममध्ये काय होतं ते सांगते. जज खटला साधारण कधीपर्यंत चालेल ते सांगतात आणि कोणाला अडचण आहे विचारतात. निम्मी खोली हात वर करते. मग फॉर्म वाटतात, भरून घेतात, जज आणि दोन्हीकडचे वकील ते एकेक वाचतात. तोपर्यंत बाकीच्यांनी बाहेरच्या बाकावर बसायचं. कधी जेवणानंतर या म्हणतात, कधी थेट दुसऱ्या दिवशी. कोणी काही सांगत नाही आणि माझा राग नेमका यावर आहे. पगाराचं कारण देणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न असतो: तुमची कंपनी ज्युरी ड्यूटीचे किती दिवस पगार देते? उत्तर बहुतेकांना माहीत नसतं. मग एचआरला फोन, उत्तराची वाट, पुन्हा रांग. "कंपनीचं पत्र घेऊन या" एवढी एक ओळ समन्सवर ठळक छापली असती तर कित्येक तास वाचले असते.

तेव्हा ते पत्र तुम्हीच आधी घ्या. कॅलिफोर्नियात कंपनीला ज्युरी ड्यूटीवरून कामावरून काढता येत नाही, पण पगार देण्याची सक्ती नाही. कोणी पाच दिवस देतं, कोणी दहा, कोणी काहीच नाही. कोर्ट देतं दिवसाला 15 डॉलर, तेही दुसऱ्या दिवसापासून. तासावर काम करणाऱ्याला ही रक्कम काहीच नाही आणि त्याचं कारण खरं आहे. म्हणूनच त्यानं ते कागदावर मांडावं. फॉर्मवर "फायनान्शियल प्रॉब्लेम" एवढंच लिहू नका. महिन्याचं भाडं, घरात कमावणारे किती, किती दिवसांचा पगार बुडेल, असे आकडे लिहा.

हार्डशिप आटोपली की प्रत्यक्ष निवड. साधारण 18 जणांना पुढे बसवतात आणि विचारतात: काम काय, नवरा-बायकोचं काम काय, नात्यात कोणी पोलिसात आहे का, घरात कधी गुन्हा घडलाय का. गंभीर फौजदारी खटल्यात प्रत्येक बाजूला कारण न देता 10 जणांना वगळता येतं, जन्मठेपेची शक्यता असेल तर 20. उठलेल्याच्या जागी नवा माणूस येतो आणि तेच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून.

इथे आपले लोक "माय इंग्लिश इज नॉट गुड" म्हणून सुटायला बघतात. कृपा करून असं करू नका. वर्षानुवर्षं इंग्रजीत मीटिंग घेणाऱ्यानं शपथेवर हे सांगणं म्हणजे खोटं बोलणं. बोलण्याच्या ढंगाची भीती असेल तर ती सोडा: 2022 पासून फौजदारी खटल्यांत "इंग्रजी ही मातृभाषा नाही" हे कारण देऊन एखाद्याला वगळणं वकिलाला फार अवघड झालंय, कायदा ते कारण मुळातच अवैध धरून चालतो. 1908 साली मुंबई हायकोर्टात टिळकांचे केसरीतले मराठी लेख तोलायला बसलेल्या नऊ ज्युरर्सना मराठी येत नव्हतं. सात युरोपियन, दोन पारशी. निकाल 7 विरुद्ध 2. आरोपीची भाषा, त्याचं घर, त्याची रीत समजणारं माणूस इथल्या ज्युरीच्या बारा खुर्च्यांत असणं किती मोलाचं आहे हे आपल्याला दुसऱ्या कोणी समजावायला नको. इथे फौजदारीत बाराच्या बारा जणांचं एकमत लागतं, म्हणजे तुमच्या एका मताला पूर्ण वजन आहे.

निवड झालीच तर खटल्याबद्दल गुगल करायचं नाही, घटनेची जागा मॅपवरही बघायची नाही, घरी बोलायचं नाही. कोर्टरूममध्ये एसी कडक असतो, स्वेटर न्या. पर्समधला छोटा चाकू घरी ठेवा, सिक्युरिटीत अडकतो. सुटताना ज्युरी ऑफिसमधून हजेरीचं पत्र मागून घ्या, एचआर तेच मागते.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: "तुम्ही ज्युरी ड्यूटी चुकवली, गिफ्ट कार्डनं दंड भरा, नाहीतर अटक" असा फोन आला तर ठेवून द्या. कोर्ट फोनवर पैसे मागत नाही. शंका वाटली तर समन्सवर छापलेल्या नंबरवर तुम्हीच फोन करा.